लालपरी उतरवणार कोण

विमान वर न्यायचं काम जानराव गावंडे करायचे आणि खाली आणायचं काम मनोज करायचा. चार वर्षं ही व्यवस्था सुरळीत चालली.

अकोल्याहून बार्शीटाकळीकडे जाताना रस्त्याला लागून वच्छलाबाईंचं शेत आहे. त्यातला एक लांबट तुकडा मुरमाड, काही न पिकणारा. तो त्यांनी क्लबला वापरायला दिला होता. क्लब म्हणजे अकोला आणि अमरावतीची मिळून पंधरा-वीस माणसं. रिमोटवर उडणारी छोटी विमानं घरी बनवायची आणि अधूनमधून रविवारी इथे येऊन उडवायची, एवढाच त्यांचा उद्योग. जानराव आपलं विमान मुरमाच्या पट्टीवर ठेवत, झोकात उडवत, हरभऱ्यावरून आणि तुरीवरून चार-पाच चकरा मारत. बॅटरी संपत आल्याची पिकपिक रिमोटमधून सुरू झाली की मान न वळवता तो उजवीकडे धरत. उजवीकडे मनोज उभा असे. तोंडातले शेंगदाणे संपवून तो रिमोट घेई, विमान उतरवी, रिमोट परत देई. दोघांत एक शब्दही होत नसे. डेपोत एका ड्रायव्हरनं उतरावं आणि दुसऱ्यानं चढावं, तसं.

घरी गेल्यावर बायको, दुर्गाबाई, विचारत, "उतरलं का नीट?"

"उतरलं," जानराव सांगत. यात खोटं काहीच नव्हतं.

जानराव एसटीत ड्रायव्हर होते. अकोला डेपो, आणि नोकरीचा बहुतेक काळ अकोला–अमरावती याच मार्गावर. निवृत्त झाल्यावर पहिले काही महिने ते रोज सकाळी बसस्टँडवर जाऊन बसत आणि नवे ड्रायव्हर गाड्या फलाटाला कशा लावतात ते पाहून नाक मुरडत. घरी आले की तेच दुर्गाबाईंना सविस्तर ऐकवत. कंटाळून दुर्गाबाईंनी एक दिवस त्यांच्या हातात मिक्सर दिला आणि दुरुस्तीला पाठवलं. दुकान मनोजचं होतं. काउंटरवर एक लिंबाएवढी मोटर पडली होती.

"हे कोणत्या मिक्सरचं?" जानरावांनी विचारलं.

"मिक्सरचं नाही काका. विमानाचं हाये."

"विमान कोण बनवते?"

"मी."

जानरावांनी दुकानावर एक नजर फिरवली. उघडे पंखे, पोट फाडलेले टीव्ही, इस्त्र्या. "अन् उडते?"

"रविवारी या पाहायले."

मिक्सर महिनाभर दुकानातच राहिला. दुर्गाबाईंनी चटणी पाट्यावर वाटली आणि प्रत्येक वेळी त्याबद्दल जे बोलायचं ते बोलून घेतलं. तोवर जानरावांच्या गच्चीवर विमान आकाराला येत होतं. जाहिरातींच्या पाट्यांना वापरतात त्या सनबोर्डाचं, दीड हात लांब, पंख त्याहून मोठे. रंग एसटीचा लाल. ओळीनं खिडक्या रंगवल्या, डाव्या अंगाला प्रवाशांचं दार, उजव्या अंगाला ड्रायव्हरची खिडकी, मागच्या बाजूला 'संकटकालीन मार्ग'. समोर पाटी: अकोला–अमरावती, व्हाया मूर्तिजापूर. नाव अर्थातच लालपरी.

"काका, पाटी काढा," मनोज म्हणाला. "फुकटचं वजन होते."

"पाटी नसली की लोकं विचारत बसतात, गाडी कुठची हाये."

"वर आकाशात कोण विचारते?"

"तू खाली उभा राहून विचारूनच राहिला न."

पाटी राहिली. विमान पाटीसकट उडालं आणि छान उडालं. जानरावांचा हात हलका होता. गाडीत कोणाला उलटी होऊ नये अशी वळणं घ्यायची सवय होती, विमानही ते तसंच वळवत. अमरावतीची मंडळी आपली विमानं गिरक्या घालत, उलटीसुलटी करत उडवत. लालपरी सगळे थांबे घेत चालल्यासारखी जाई.

घोडं उतरवण्यात अडलं. विमान आपल्यापासून दूर जात असतं तेव्हा त्याचं डावं ते आपलं डावं. ते वळून आपल्याकडे यायला लागलं की सगळं उलटं होतं. रिमोटची काडी उजवीकडे सरकवली तर विमान त्याच्या उजवीकडे जातं, म्हणजे समोर उभ्या असलेल्याला ते डावीकडे जाताना दिसतं. हा घोळ प्रत्येक नवशिक्याचा होतो आणि थोड्या सरावानं मिटतो. जानरावांचा मिटला नाही. विमान उंच असताना चूक झाली तर सावरायला आकाश मोकळं असे. उतरताना ते जमिनीलगत थेट अंगावर येई आणि तिथे सावरायला जागा नसे. पहिल्यांदा लालपरी हरभऱ्यात उतरली, दुसऱ्यांदा बाभळीत, तिसऱ्यांदा मनोजच्या गाडीच्या टपावर. त्यानंतर मनोजनं स्वतःहून हात पुढे केला.

"जो पंख दबला, काडी तिकडे न्यायची. एवढंच पाठ करा काका," त्यानं सांगून ठेवलं होतं. जानरावांनी पाठ केलं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण अंगठे ऐकत नव्हते.

"मी जिंदगीभर गाडीच्या आत बसून गाडी चालवली," ते म्हणत. "माहीच गाडी माह्याच अंगावर येऊन राहिली, असं कधी झालं नाई."

या जानेवारीत दोन गोष्टी एकदम झाल्या. मनोजनं नागपूरला मोठं दुकान घेतलं आणि तो बिऱ्हाड हलवायच्या तयारीला लागला. आणि क्लबचं सचिवपद प्रणालीकडे आलं. प्रणाली अमरावतीच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. तिचं विमान डोळ्यांनी मागोवा घेईपर्यंत दुसऱ्या टोकाला पोचलेलं असतं. तिनं पहिल्याच बैठकीत नियम सांगितला: यंदाच्या उडान दिवसाला, म्हणजे क्लबच्या वार्षिक मेळाव्याला, प्रत्येकानं आपलं विमान स्वतः उतरवायचं, पट्टीवर उतरवायचं आणि पट्टीवरच उभं करायचं. ज्याला जमलं तो पायलट. ज्याला नाही जमलं त्यानं पुढचं वर्षभर बघ्यांना अडवायची दोरी धरायची, उडवायचं नाही.

"मनोजदादा होता तोवर ठीक होतं," ती म्हणाली. "मी कोणाचं विमान उतरवून देणार नाही."

कोणाचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे शिष्टाचारानं छताकडे पाहत राहिले.

"उडवालेच नाई भेटलं तर उतरवाले कसं शिकन माणूस?" जानरावांनी विचारलं.

"म्हणून तर उडान दिवसापर्यंत वेळ दिला काका. आणि बाजूला एक सांगणारा उभा करता येईल. फक्त त्यानं रिमोटला हात लावायचा नाही."

त्या संध्याकाळी जानरावांनी अमरावतीला फोन लावला. भगवंत तायडे त्यांच्या गाडीवर कंडक्टर होते, एकदोन नव्हे, अकरा वर्षं.

"भगवंता, रविवारी अकोल्याले ये."

"काहून?"

"रोडगे हायेत."

"कोणाकडे?"

"विमानाकडे."

"जानू, तब्येत बरी हाये न तुही?"

जानरावांनी बेत समजावला. "गाडी मागे घेताना मी कुठी पाहायचो?"

"आरशात."

"आरशात नाई दिसलं तर?"

"तर माह्या आवाजावर घ्यायचा."

"तेच करायचं हाये. मी विमानाकडे पाठ करून उभा राहातो. म्हणजे त्याचं डावं ते माहं डावं. तू मागं पाहून सांगत राहाजो."

"पण मी विमानात कधी बसलो नाई बाप्पा."

"मंग काय झालं? मी कुठी बसलो?"

रविवारी, उडान दिवसाच्या सकाळी, अमरावतीच्या दोन गाड्या आल्या. प्रणालीच्या गाडीतून भगवंत उतरले ते कंबर धरून. "विमानाले खिडकीजवळची सीट देल्ली," त्यांनी जानरावांना सांगितलं, "अन् मले मधात कोंबलं. पंखाले धक्का नाई लागला पायजे म्हणून बडनेऱ्यापासून श्वास धरून बसलो."

वच्छलाबाईंच्या धुऱ्याजवळ, म्हणजे शेताच्या बांधाजवळ, गोवऱ्यांचा जाळ करून निखारे पाडले होते, त्यात कणकेचे रोडगे भाजायला ठेवले होते. वांग्याच्या भाजीची जबाबदारी दुर्गाबाईंवर होती. चार वर्षांत त्या पहिल्यांदाच इथे आल्या होत्या. वाऱ्याची दिशा कळावी म्हणून क्लबनं एका बांबूवर कापडाचं नळकांडं लावलं होतं, पण सगळे जण रोडग्यांच्या धुराकडेच पाहत होते. ते एका अर्थी दोन्ही कामांना उपयोगी पडत होतं.

"भाऊजी, तुमी कसे काय इथं?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"मले बोलावलं. विमान मागे घ्याचं हाये म्हणते."

"विमान मागे जाते काय?"

"जात नशीन. पण ह्याचं काही सांगता येत नाई," भगवंत म्हणाले आणि रोडगे किती आहेत ते पाहून आले.

दोरीमागे शेजारच्या शेतांतली माणसं, बाया, अकोल्याहून आलेले नातेवाईक असे बरेच जण जमले होते. एकेक विमान वर जात होतं, खाली येत होतं. जानरावांची पाळी आली तेव्हा त्यांनी लालपरी पट्टीवर ठेवली, सगळी चाकं एकदा अंगठ्यानं दाबून पाहिली आणि उभं राहायच्या जागी येऊन सरळ पाठ फिरवली.

"काका, हे काय?" प्रणालीनं विचारलं.

"मी असाच उतरवतो. पाहणारा हाये माहा."

"नाही चालणार. नजर विमानावर पाहिजे. उडवणाऱ्याची. तो पहिला नियम आहे."

"मॅडम," भगवंत मध्ये पडले, "आमी अशा हजारो गाड्या लावल्या. एकाले खरचटलं नाई."

"त्या जमिनीवर होत्या."

जानरावांचा आठवडाभराचा बेत एका वाक्यात संपला. त्यांनी तोंड पट्टीकडे केलं. मनोज सवयीनं त्यांच्या उजव्या हाताला येऊन उभा राहिला होता; प्रणालीनं त्यालाही दोरीमागे जायला सांगितलं. तो गेला, खिशातले शेंगदाणे चाचपत.

लालपरी नेहमीसारखी उडाली. बघ्यांनी पाटी वाचली आणि हसून टाळ्या वाजवल्या. एका म्हाताऱ्यानं मूर्तिजापूरला थांबते का, असं ओरडून विचारलं. जानरावांना ते ऐकू आलं नाही. एरवी या चकरांमध्ये त्यांना फार बरं वाटायचं. आज प्रत्येक चकरेला ते एकच हिशेब करत होते, की ही शेवटची असेल तर आपण ती नीट मारली का. मग रिमोट पिकपिकला.

"सुरू कर," ते भगवंतांना म्हणाले.

"काय सुरू करू? लय झकास दिसून राहिलं."

"सांग न बावा. खाली आणतो आता."

लालपरी तुरीच्या पलीकडे वळली आणि नाक जरा खाली करून थेट त्यांच्याकडे निघाली. पहिल्यांदा लाल ठिपका, मग पाटी, मग पाटीवरची अक्षरं. एक पंख कलला. जो पंख दबला काडी तिकडे, जो पंख दबला काडी तिकडे, असं जानरावांच्या डोक्यात चालू होतं, आणि अंगठा जागच्या जागी गोठला होता.

भगवंतांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना समोरून एक लाल गाडी येताना दिसत होती. तिच्या एका अंगाला दार रंगवलेलं होतं आणि ते अंग खाली गेलं होतं.

"कंडक्टर साइड दबली," ते म्हणाले.

जानरावांचा अंगठा ड्रायव्हर साइडला गेला. विचार करायचं काम पडलंच नाही. विमान सरळ झालं.

"जास्त झालं. ड्रायव्हर साइड. हां. हां. येऊ दे."

डावं-उजवं पाहणारा कुठे उभा आहे त्यावर बदलत असेल. गाडीची कंडक्टर साइड कुठूनही पाहिली तरी कंडक्टर साइडच राहते. जानराव चार वर्षांत पहिल्यांदा लालपरीच्या आत बसले होते.

"येऊ दे. येऊ दे. कंडक्टर साइड थोडी. येऊ दे, येऊ दे."

मुरमावर धुळीची एक बारीक रेघ उठली. चाकं टेकली. लालपरी पट्टीच्या अगदी मधोमध, एक साधी उडीही न मारता, वेग कमी करत चालू लागली. दोरीमागून टाळ्या पडायला सुरुवात झाली.

"शाब्बास लेका," भगवंत म्हणाले आणि त्यांनी जानरावांच्या पाठीवर दोन सणसणीत थापा मारल्या.

एसटीच्या कंडक्टरनं गाडीच्या पत्र्यावर एक थाप मारली की थांबायचं असतं, आणि दोन मारल्या की निघायचं. अकरा वर्षं जानरावांनी या हाताच्या दोन थापांवर, मागे वळून न पाहता, गाडी सोडली होती. त्यांचा डावा अंगठा, वेगाच्या काडीवरचा, पुढे गेला. मोटरचा आवाज चढला. लालपरीनं पट्टीचं उरलेलं अंतर धावून घेतलं आणि ती पुन्हा आकाशात गेली.

टाळ्या अर्ध्यावर थांबल्या.

"काहून नेली?" भगवंतांनी विचारलं.

"तू दोन मारल्या."

"ते शाबासकी होती."

"मंग एकच मारायची होती न."

"काका, बॅटरी," प्रणाली म्हणाली.

रिमोटची पिकपिक आता थांबतच नव्हती. लालपरी बाभळीवरून वळली तोच मोटर बंद पडली आणि ओळखीची घरघर थांबून नुसता वारा कापल्याचा आवाज राहिला. भगवंतांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले होते आणि तोंडही मिटून घेतलं होतं. आपण काही केलं तर आणखी काहीतरी होईल अशी त्यांना धास्ती होती. दोरीवरून मनोजचा हात पुढे आला होता, बोटं पसरलेली. जानरावांनी तिकडे पाहिलं नाही.

"कंडक्टर साइड," ते स्वतःशीच पुटपुटले. "राहू दे. ड्रायव्हर साइड. लय नको. राहू दे."

पट्टीपर्यंत पोचायला उंची पुरणार नव्हती, हे त्यांना कळलं. बंद पडलेली गाडी रस्त्याच्या कडेला कुठे घ्यायची ते ड्रायव्हर जसं आधीच हेरतो, तशी त्यांनी धुऱ्यालगतची बैलगाडीची वाट हेरली. लालपरी तुरीच्या शेंड्यांवरून सरकत आली, वाटेवर टेकली, चाकोरीत बसली आणि चाकोरी नेईल तशी घरंगळत गेली. चाकोरी रोडग्यांकडे जात होती. निखाऱ्यांपासून हातभर अंतरावर ती थांबली.

दुर्गाबाईंनी चिमट्यानं तिचं नाक हळूच बाजूला सारलं आणि रोडगा उलटला.

यानंतर वाद झाला. उतरलं की नाही उतरलं?

"पहिल्यांदा पट्टीवर टेकलं, पण उभं राहिलं नाही," प्रणाली म्हणाली. "दुसऱ्यांदा उभं राहिलं, पण पट्टीवर नाही."

"म्हणजे दोन हाफ," भगवंत म्हणाले. "दोन हाफ मिळून एक फुल होते. आमी जिंदगीभर तसंच फाडलं."

"हे तिकीट नाही काका."

"मॅडम, तुमीच सांगा, पहिल्यांदा जे टेकलं ते बराबर होतं का नाई?"

"बरोबर होतं. उत्तमच होतं. टेकवून लगेच परत उचलायचं, हे तर आम्ही मुद्दाम सराव करून शिकतो."

"पा," भगवंत सगळ्यांना म्हणाले. "म्हणजे तुमी शिकता ते ह्याले चुकून येते."

वच्छलाबाई भाजीचा वाडगा घेऊन तिथेच उभ्या होत्या. "पट्टीबी माही अन् वाटबी माही," त्या म्हणाल्या. "माह्या शेतात उतरलं म्हणजे उतरलं. भांडता कावून?"

अर्धा क्लब वच्छलाबाईंच्या बाजूनं झाला. जागेचा प्रश्न होता. पण प्रणाली हलली नाही. नियम पट्टीवर उभं करायचा होता. जेवण झाल्यावर बॅटरी बदलून जानराव पुन्हा उडवू शकतात, पण यांचे हात खिशात राहिले पाहिजेत, असं तिनं भगवंतांकडे बोट करून सांगितलं.

खरं तर जानरावांना प्रणालीचं पटलं होतं. फलाट सोडून उभी केलेली गाडी लागली असं त्यांनी स्वतः कधी मानलं नव्हतं. पण जेवायला बसल्यावर रोडगा चुरायचा सोडून ते बोटांनी ताटात काहीतरी वळवत होते, एकदा इकडे, एकदा तिकडे.

पंगतीत दुर्गाबाईंनी मनोजच्या ताटात तूप वाढलं आणि विचारलं, "इतके दिवस तुमीच उतरवत होते न?"

मनोजला ठसका लागला. "काकू, तुम्हाले कोणं सांगितलं?"

"सांगाले कायले पायजे? ह्यायले काही जमलं की घरी आठ दिवस तेच ऐकावं लागते. मूर्तिजापूरच्या फाटकात गाडी कशी वळवली ते मले पाठ हाये. विमान उतरवल्याचं मात्र ह्यायनं कधी सांगितलंच नाई."

जानराव समोरच बसले होते. त्यांनी भाजी मागितली.

जेवणानंतर शेतावर जी सुस्ती येते ती आली. नातेवाईक निंबाखाली आडवे झाले. बघे पांगले. दोरी सोडून ठेवली होती आणि तिच्यावर एक कुत्रं झोपलं होतं. भगवंत चार रोडगे खाऊन, तोंडावर दुपट्टा घेऊन घोरत होते. जानराव त्यांच्याजवळ जाऊन उभे राहिले. दुपट्ट्याचं टोक श्वासाबरोबर वरखाली होत होतं. हाक मारावी म्हणून त्यांनी तोंड उघडलं, मग मिटलं, आणि ते लालपरी उचलून एकटेच पट्टीकडे गेले.

प्रणाली तिथे होती. "सांगणारा?"

"झोपला. राहू द्या."

वारा पडला होता. लालपरी वर गेली, तिनं तीनच चकरा मारल्या. जानरावांनी पिकपिक होण्याची वाटही पाहिली नाही. तुरीच्या पलीकडे वळवून त्यांनी तिचं तोंड आपल्याकडे केलं. त्यांचे ओठ हलत होते, शब्द ऐकू येत नव्हते. एकदा पंख कलला आणि सरळ झाला. एकदा विमान जरा जास्तच एका बाजूला गेलं, तेव्हा त्यांनी संपूर्ण अंगच दुसऱ्या बाजूला झुकवलं, एक पाय वर उचलला गेला, आणि विमानही वळलं. चाकं टेकली. या वेळी एक छोटी उडी बसली, मग दुसरी, त्याहून छोटी. सकाळचं उतरणं यापेक्षा चांगलं होतं. जानरावांनी डावा अंगठा रिमोटवरून काढून चक्क मुठीत दाबून धरला. लालपरी चालत चालत पट्टीच्या मध्यावर आली आणि उभी राहिली.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पाहणारं कोणी नव्हतंच. प्रणालीनं मान हलवली.

"झालं काका. पुढच्या वेळेपासून तुमचं तुम्ही."

"मोजलं न?"

"मोजलं."

"नाई म्हटलं, ते उड्या बसल्या दोन."

"माझ्याही बसतात."

जानराव पट्टीवर गेले. विमान लगेच उचलून आणायची पद्धत आहे, पण ते तसं न करता लालपरीभोवती एक फेरी मारून आले. वाकून चाकाखाली पाहिलं. समोरच्या पाटीवरची धूळ बाहीनं पुसली. मग दोन पावलं मागे जाऊन, ती पट्टीच्या रेषेत बरोबर उभी आहे की तिरकी, ते एक डोळा मिटून पाहू लागले. जराशी तिरकी होती. मागचा भाग धरून त्यांनी ती सरळ केली आणि पुन्हा मागे येऊन पाहिलं.

डोक्यावरून घरघर करत काहीतरी गेलं. मनोजचं विमान होतं. उद्या सामान ट्रकमध्ये भरायचं होतं, म्हणून हातानंच वर सोडून या पट्टीवर शेवटचं एकदा उडवून घ्यावं असं त्यानं ठरवलं होतं. निंबाच्या पलीकडून तो हात हलवत होता.

"काका, पट्टी मोकळी करा. माहं उतरून राहिलं."

"एक मिनिट थांब," जानराव वर न पाहता म्हणाले.

"काका, बॅटरी संपत आली माही."

"तर एक चक्कर मार अजून. इथं गाडी लागली हाये."

मनोजनं एक चक्कर मारली. मग आणखी एक.